डाळ शिजते ते पाणी

माझी जीप कधी तापत नाही, असं मी चारचौघांत छाती ठोकून सांगायची. अहमदपूरच्या स्टँडबाहेर आम्हा जीपवाल्यांची रांग लागते. त्या उन्हाळ्यात एकेकाची गाडी बॉनेट उघडून वाफा सोडत उभी असायची आणि माझ्या गाडीतला तापमानाचा काटा मात्र तळाशी निवांत पडलेला. रांगेतले बाकीचे ड्रायव्हर सगळे पुरुष, बाई गाडी चालवते म्हणून मिशीत हसणारे. त्यांना बोलावून काटा दाखवायला मला भारी मजा यायची. "बघा, गाडीबी माणूस बघून वागती," असं मी म्हणायची. गर्वाचं घर खाली, हे माझ्या आजीनं मला पुष्कळदा ऐकवलं होतं. पण म्हण ही नेहमी शेजारणीसाठीच असते, असं आपल्याला वाटतं.

मी सिंधु. गाव उमरदरा, अहमदपूरपासून आत, डोंगराच्या कडेला. नवरा लिंबाजी शेत बघतो, मी गाडी बघते. गाडी टर्बोवाली डिझेल जीप. टर्बो म्हणजे बाहेर निघालेल्या धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, म्हणून माणसं भरून घेतली तरी ती चढाला दमत नाही. आणि सीटखाली एक चपटी पेटी आहे, तिला सगळे कम्प्युटर म्हणतात. ती पेटी काय करते, ते मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. ती काही मागत नव्हती, मी काही विचारत नव्हते.

त्या साली लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्याकडं टँकर यायचा. माझ्या गाडीत बसलेल्या लोकांना मात्र नव्या जिल्ह्याची पडलेली. उदगीर जिल्हा होणार, की अहमदपूरला वेगळं काही मिळणार, यावर माणसं एकमेकांच्या मांडीवर बसून भांडायची. एकदा मी आरशात बघून म्हटलं, "जिल्हा झाल्यावर हापश्याला पानी येनार आसंल तर आत्ताच करा, म्या गाडी हितंच थांबवते." सगळे हसले. मग पुन्हा सुरू.

मला जिल्ह्याशी एवढंच देणंघेणं होतं, की गाडीचं पासिंग करायला लातूरला जावं लागायचं. आणि त्या वर्षी ते पासिंग म्हणजे जीव की प्राण होऊन बसलं होतं. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं अहमदपूर. गावाची एसटी बंद झाली होती, आणि सातवी झालेल्या पोरींच्या घरी एकच बोलणं चालू होतं, की जायला गाडी नसेल तर कशाला पाठवायची, पाण्याला तरी एक माणूस होईल. मी अहमदपूरच्या हायस्कुलात जाऊन बसले आणि पोरी माझ्या जीपनं आणायचं ठरवून आले. तिथल्या मोठ्या बाईंनी एकच अट घातली. शाळा उघडायच्या आत गाडी पास झाल्याचा कागद हवा. मी म्हटलं, त्यात काय, माझी गाडी तापतसुद्धा नाही.

आणि तोंडातून शब्द निघायचा अवकाश, गाडी धूर ओकायला लागली. काळा, जाड धूर. पीयूसीवाल्यानं सायलेन्सरात नळी घातली, मला पाय दाबायला सांगितला आणि मशीनवरचा आकडा बघून नळी साप चावल्यासारखी ओढून काढली. "ताई, हे घिऊन लातूरला जाऊच नका," तो म्हणाला, "गेटवरूनच वापस पाठवतील."

बसवंतअप्पाचं गॅरेज मार्केट यार्डाच्या मागं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग आणि कोपरापर्यंत ग्रीस, असा माणूस. तोंडानं फटकळ, हातानं सरळ. त्यानं हवेचा फिल्टर बदलला, नोझल तपासले, टर्बोचे पाइप सोडून फुंकून बघितले. धूर तसाच. शेवटी त्यानं बॉनेट आपटलं.

"सिंधुताई, हिचं डोस्कं फिरलंय. कम्प्युटर गेला."

"मंग?"

"मंग काय, काढून फेकू. जुना पंप बसवू, मागल्या काळातल्या जीपला आसायचा तसला. त्याला डोस्कंच न्हाई, तर फिरंल काय?"

"आनि पासिंग?"

"त्या दिशी डिझेलचा स्क्रू आवळायचा. धूर गप. पास झाली की घरी येऊन ढिला करायचा. समदी तेच करून राहिलीत."

दुसऱ्याही वाटा होत्या. लातूरला एक जण होता, तो कम्प्युटरच्या वायरीत एक डबी जोडून द्यायचा. डबी कम्प्युटरला गंडवते आणि गाडी वाऱ्यासारखी पळते. पण तिचा धूर आणखीच दाट, असं बसवंतअप्पा स्वतःच म्हणाला. नाहीतर नांदेडला भंगारात अशाच एखाद्या जीपचा कम्प्युटर शोधायचा. कंपनीतून नवा मागवावा, तर तो यायला दिवाळी उजाडली असती.

खरं सांगते, पंप मला पटत होता. साधी वस्तू, डोळ्यांना दिसणारी. पाय दाबला की डिझेल जातं, सोडला की थांबतं. पण स्क्रू ढिला केल्यावर धूर कुठं जाणार? जीपच्या मागं जाणार. आणि मागं कोण बसणार? मागच्या आडव्या बाकड्यांवर पोरीच बसणार. लहानपणी मी अशाच एका गाडीच्या मागं बसून नायगावला आत्याकडं जायची आणि उतरले की कडेला जाऊन ओकायची. तो वास अजून माझ्या नाकात आहे. म्हणून मी म्हटलं, "आप्पा, पंप कुटं पळून चाललाय? आधी नांदेडला कम्प्युटर बघून येते." तो म्हणाला, "जा. पैसं आन् पेट्रोल दोनी वाया." मी म्हटलं, "डिझेल." तेव्हा कुठं तो हसला.

नांदेडला भंगारवाल्यानं मला तारामतीकडं पाठवलं. कम्प्युटर कुठलाही आणा, गाडीशी त्याची ओळख तीच करून देते, असं तो म्हणाला. मला वाटलं, भटजीणबाई असावी. तर ती निघाली माझ्याहून लहान, जाडजूड, चष्म्यातून माणसाला आरपार बघणारी बाई. पत्र्याच्या दुकानात टेबलावर लॅपटॉप, त्यावर धूळ बसू नये म्हणून लेकराचं दुपटं. तिला स्वतःच्या कामाचा भयंकर अभिमान होता आणि ती तो लपवतही नव्हती.

"कम्प्युटर बदलायचा म्हंता," ती म्हणाली, "पन ह्याला कुनी इचारलं का, बाबा तुला काय होऊन राहिलंय?"

"कम्प्युटरला?"

"हाव. सासरी नांदत न्हाई म्हनून पोरगी टाकून देतात, तसलं झालं हे. आधी तिचं ऐकून घेऊ."

तिनं स्टिअरिंगखाली एक प्लग जोडला, लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला आणि गाडी चालू करायला सांगितली. पडद्यावर आकडे उमटले. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी बघितल्या, पण ते बघितल्यावर माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

ते आकडे स्थिर नव्हते. जिवंत होते. तारामती बोट ठेवून सांगत होती: ही बाहेरच्या हवेची नोंद. ही टर्बोनं कोंबलेली हवा. हे इंजिन आत्ता कुठल्या वळणावर आहे ते. हा तुमचा पाय. मी पाय जरासा, अगदी पापणी हलावी इतका हलवला, आणि पायाचा आकडा हलला. मग एक क्षण, तो क्षणसुद्धा म्हणवत नाही, त्या पेटीनं हवा किती आली ते बघितलं, ती किती गरम आहे ते बघितलं, आणि तेवढ्याच हवेत जळेल इतकंच डिझेल दिलं. पुन्हा बघितलं. पुन्हा दिलं. मी श्वास घेईपर्यंत तिनं हे किती वेळा केलं असेल, ते तारामतीलाही सांगता येईना.

"म्हंजी डिझेल म्या देत न्हाई?" मी विचारलं.

"तुमी नुस्तं मागता. देनारी ही."

मी हात जोडले नाहीत एवढंच. इतकी वर्षं मी समजत होते, गाडी मी चालवते. घाटात, गर्दीत, बाळंतपणाला अडलेली बाई मागं कण्हत असताना, मी वैतागून पाय दाबत होते, आणि माझ्या सीटखाली कुणीतरी एवढीशी पेटी माझा तो रागावलेला पाय समजून घेत होती. माझी हाव एकीकडं, हवेची ऐपत एकीकडं, आणि दोन्ही बघून ती वाटा काढून देत होती. कधी थकली नाही. कधी बोलली नाही. माझ्या अंगावर काटा आला. नांदेडच्या मे महिन्यात, पत्र्याखाली, घामानं पोलकं पाठीला चिकटलेलं असताना काटा आला.

"हिला तर काय बी झालेलं न्हाई," मी म्हटलं.

"तेच तर. आता हे बघा." तारामतीनं एका आकड्यावर बोट ठेवलं. "हे इंजिनाचं तापमान."

चार.

मी बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच काढला. भाकरी भाजली असती त्यावर. आणि ही म्हणते चार!

"बाईसाहेब, तुमच्या गाडीला थंडी वाजून राहिली," तारामती म्हणाली. "इंजिनाच्या पान्यात एक सेन्सर आसतो, बोटाच्या पेराएवढा. त्यो सांगतो पानी किती तापलं. आनि त्यो सांगतो, की हिवाळा हाय, पहाट हाय. मंग ही बिचारी इंजिनाला ऊब म्हनून डिझेल जास्ती देती. लेकराला थंडी वाजली की माय पांघरून घालती ना, तसं. आनि ते न जळलेलं डिझेल धूर होऊन बाहेर."

"मंग लाल दिवा कामून लागला न्हाई?"

"वायर तुटली आसती तर लागला आसता. ही तुटली न्हाई. खोटं बोलून राहिली. आनि पेटीला खोटं मालूमच न्हाई."

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं तो काटा आला. तळाशी निवांत पडलेला, मी स्टँडवर सगळ्यांना दाखवलेला काटा. तोही त्याच सेन्सरचं ऐकत होता.

इंजिन निवल्यावर तारामतीच्या माणसानं सेन्सर खोलला. पितळी टोक दिसायलाच तयार नव्हतं. त्यावर पांढरा, टणक थर चढलेला, आणि वायरीच्या तोंडाशी मोरचूद लागल्यासारखं हिरवं. तो थर मी ओळखला. आमच्या घरी पाणी तापवायच्या पातेल्यात तोच बसतो. चिंचेनं घासून घासून हात दुखतात, पण निघत नाही.

"पानी कुठलं घालता?" तारामतीनं विचारलं.

"चांगलं, काचेवानी साफ. फिल्टरवाल्या महादेवप्पाकडचं."

"फिल्टर झालेलं, का फिल्टरनं बाहेर टाकलेलं?"

 महादेवप्पाचा अहमदपूरला जारच्या पाण्याचा प्लांट. बोअरचं पाणी मशीनमधून गाळलं की एका नळीनं गोड पाणी निघतं, ते जारात. दुसऱ्या नळीनं मागे राहिलेलं निघतं, ते तो फेकायचा. भला माणूस, मला म्हणाला होता, "ने की, फेकायचंच हाय." दिसायला अगदी निर्मळ. मी पाच लिटरचा कॅन घेऊन जायची आणि मनाशी खूष व्हायची, की माणसाच्या तोंडचं पाणी मी गाडीच्या तोंडात घातलं नाही. त्या उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये पिण्याचं पाणी ओतणं मला पाप वाटत होतं. आणि ते फेकलेलं पाणी म्हणजे बोअरच्या पाण्यातला क्षार काढून, घट्ट करून, वेगळा ठेवलेला. मी गाडीला मीठ पाजत होते.

तारामतीनं नवा सेन्सर दिला, कुलंटची, म्हणजे इंजिन निवतं ठेवणाऱ्या औषधाची, एक बाटली दिली. म्हणाली, आधी आतून सगळं धुऊन काढा, मग कुलंटमध्ये चांगलं पाणी मिसळून भरा. "न्हाई तर दिवाळीपर्यंत ह्योबी खोटं बोलाया लागंल."

"चांगलं म्हंजी कसलं? आता बाटलीवर काय लिवलंय आन् आत काय हाय, कुनाला मालूम."

तिनं चष्मा वर सरकवला. "ज्या पान्यात तुरीची डाळ लवकर शिजती, ते पानी."

डाळ शिजेल असं पाणी त्या मे महिन्यात एकाच ठिकाणी होतं. आमच्या गावच्या टँकरमध्ये. तो धरणाच्या तळातून भरून यायचा. महादेवप्पाकडून जार विकत घ्यावे म्हणून गेले, तर त्याचं बोअर आटलेलं, प्लांटला कुलूप. म्हणजे वाट पुन्हा तिथंच आली. पंप बसवला तर असल्या पाण्याची गरज नाही. त्याला ना सेन्सर, ना समज. बोअरचं पाणी घाला, काहीही घाला, रेटत राहील. कम्प्युटर ठेवायचा तर त्याला खरं कळायला हवं, आणि खरं कळायला गोड पाणी हवं. बसवंतअप्पानं सगळं ऐकून घेतलं आणि लिंबूसत लागेल म्हणाला, पातेल्यातला थर काढायला बाया टाकतात तेच. "थर म्या काढून देतो," तो म्हणाला. "पन धुवायला तीन-चार हंडे लागतील, भरायला वेगळं. पानी तू बघ. न्हाई जमलं तर पंप हायच."

आमच्या गावात टँकरचं पाणी सरजामाय वाटायची. वरच्या गल्लीतली, वाळक्या अंगाची म्हातारी, हातात काठी. तिला कुणी नेमलं नव्हतं. सुरुवातीला रोज डोकी फुटायची. एक दिवस ती टाकीजवळ जाऊन उभी राहिली आणि तेव्हापासून भांडणं थांबली. कुणाच्या घरी किती माणसं, कुणाकडं आजारी, कुणाची लेक बाळंतपणाला आलेली, सगळं तिच्या डोक्यात. पाटलाच्या हंड्यावरही ती काठी आडवी धरायची. मी तिच्यापुढं उभी राहिले आणि म्हटलं, माझ्या घरचं पुढचं पाणी मला आगाऊ दे.

"कामून? पाव्हनं आलेत?"

खोटं बोलता आलं असतं. पण नुकतीच एका खोट्याची गंमत बघून आले होते. "गाडीला पायजे," मी म्हटलं.

मागं रांगेतल्या बाया माना वळवून बघायला लागल्या. सरजामायनं काठी टेकवली. "जनावरं बाजारात न्यायची पाळी आली, आन् तू गाडीला पानी पाजतीस? लाज हाय का, सिंधे?"

मला राग आला. तिचा नव्हे, सगळ्याचाच. मी तिथंच, भर उन्हात, सगळं सांगितलं. सेन्सर, थंडी, धूर, पंप, स्क्रू, सगळं. मला वाटलं, हिला काय कळणार. पण ती ऐकत होती, आणि पडद्यावरच्या आकड्यांजवळ आल्यावर तिनं मला थांबवलं.

"म्हंजी ती पेटी हवा बघून डिझेल वाटती?"

"हाव."

"मागंल तेवडं देत न्हाई?"

"न्हाई."

"आन् तिला कुनी खोटं सांगितलं की चुकती."

"हाव, सरजामाय."

ती टाकीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पंप बसवला तर गाडी चालंल न्हवं?"

"चालंल. त्या एका दिशी पासबी हुईल. मंग रोज धूर निघंल आन् पोरी मागं बसतील."

त्या पोरींत तिची नात पंचफुला होती. पण ती नातीबद्दल काही बोलली नाही. "तुज्या घरचं आगाऊ मिळनार न्हाई," एवढं म्हणून तिनं काठीनं मला बाजूला केलं. "चल, म्होरं कोन हाय?"

मी घरी आले आणि लिंबाजीला म्हटलं, पंप बसवू. मन कडू झालं होतं. मला गाडीची कीव येत होती. ऐकणारी, समजून देणारी ती पेटी काढून मी तिच्या जागी मुका पंप बसवणार होते, आणि तिचा दोष एवढाच, की तिनं आपल्या माणसावर विश्वास ठेवला.

सकाळी दार उघडलं, तर अंगणात प्लॅस्टिकचा निळा पिंप. सरजामाय त्याच्याजवळ काठी टेकून उभी. खालच्या-वरच्या दोन्ही गल्ल्यांतून बाया येत होत्या. प्रत्येकीच्या हातात तांब्या. येत होत्या, पिंपात ओतत होत्या, जात होत्या. कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. सरजामायनं ताकीद दिली असावी. एका घरी पोरगी नाही, दुसरीला मुलंच नाहीत, त्यांचेही तांबे आले. एकीनं ओतताना थोडं सांडलं, तर म्हातारी तिच्यावर अशी खेकसली, की तिनं ओला हात पिंपाच्या काठावर पुसला.

"एका घरी एकच तांब्या," सरजामाय मला म्हणाली. "जास्ती कुनाचं घेतलं न्हाई. डाळ शिजती ह्यात. म्या बगितली."

माझ्या आजीला या गावात हौदापासून लांब बसावं लागायचं. वरच्या गल्लीतलं कुणी येईल, दया आली तर वरून तिच्या घागरीत ओतेल, तोवर उन्हात. तिनं हे मला एकदाच सांगितलं होतं, तेही भांडी घासता घासता. आता त्याच वरच्या गल्लीतला तांब्या आणि आमच्या गल्लीतला तांब्या एकाच पिंपात रिकामा होत होता, आणि तो पिंप माझ्या दारात होता. कुठलं पाणी कुठलं, ते आता देवालाही सांगता आलं नसतं. मी उंबऱ्यावर बसले आणि रडले. रडताना मला स्वतःचाच राग आला, की मेलं एवढं पाणी वाया चाललंय.

बसवंतअप्पानं पिंप बघितला आणि बाह्या दुमडल्या.  लिंबूसतानं त्यानं आतला थर सोडवला, पांढरा गाळ निघाला, मग हंड्या-हंड्यानं धुऊन काढलं. शेवटचं, स्वच्छ निघालेलं पाणी त्यानं घमेल्यात धरून गॅरेजच्या दारातल्या कडुलिंबाला घातलं. मग नवा सेन्सर, कुलंट, उरलेलं पाणी. गाडी चालू केली. मी सीटवर बसून काट्याकडं बघत होते. काटा हलला. हळूहळू, झोपेतून उठल्यासारखा वर सरकत गेला आणि मधोमध येऊन थांबला. तो काटा मी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा जागा बघितला.

लातूरला पासिंगच्या मैदानावर ही रांग. माझ्या पुढचा जीपवाला पाना घेऊन स्क्रू आवळत होता. माझी पाळी आली. आरटीओच्या साहेबांनी नळी लावायला सांगितली, म्हणाले, दाबा. मी पूर्ण दाबला. इंजिन गरजलं. मी मान वळवून मागं बघितलं. धूर नव्हता. सायलेन्सरच्या तोंडाशी उन्हाची हवा थरथरत होती, तेवढंच. मशीनवाल्या पोऱ्यानं आकडा बघितला, मशीनला एक थाप मारली आणि म्हणाला, "परत दाबा." परत दाबला. साहेब स्वतः उठून आले. नळी काढून त्यांनी मागच्या गाडीला लावली; तिचा आकडा टुणकन उडाला, म्हणजे मशीन ठीक होतं. पुन्हा माझ्या गाडीला लावली. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"बाई, काय केलं हिला?"

मी म्हटलं, "साहेब, पानी बदललं."

त्यांना वाटलं मी चेष्टा करते. पण सही केली.

शाळा उघडली त्या सकाळी पोरी नव्या-जुन्या फ्रॉकमध्ये, वेण्या घट्ट घालून, घरासमोर येऊन उभ्या होत्या. पंचफुला सगळ्यांत पुढं. मी गाडी चालू करून ठेवली होती. सरजामाय काठी टेकत आली आणि म्हणाली, "कुटं हाय आमचं पानी?"

मी बॉनेट उघडलं. रेडिएटरकडं जाणारी रबराची जाड नळी दाखवली. तिनं वाकून त्या नळीवर हात ठेवला. मी नको म्हणेपर्यंत ठेवला. तिच्या तळव्याखाली ती नळी थरथरत होती. म्हातारीनं लगेच हात काढला नाही. तिचे डोळे मोठे झाले, जत्रेत पहिल्यांदा पाळणा बघणाऱ्या पोरीसारखे.

"हे तर पळून राहिलंय," ती म्हणाली.

"हाव."

"सांडत कसं न्हाई?"

"कुटं सांडंल? इंजिनात जातं, तापतं, हितं येऊन निवतं, परत जातं. हेच पानी, सरजामाय. अहमदपूरला जाईल, वापस येईल. उद्याबी हेच."

 साऱ्या उन्हाळ्यात तिनं एक थेंब इकडचा तिकडं होऊ दिला नव्हता, आणि हे पाणी न संपता फिरत होतं. तिनं हात पदराला पुसला, डोक्यावरचा पदर सारखा केला. मग काठी आपटून पोरींकडं वळली आणि ओरडली,

"बसा गं पोरींनो. पानी तापलंय."